चारशे बारावी ओळ

बाईंनी छत्तीस वर्षं विणकाम शिकवलं. या काळात त्यांच्या हाताखालून किती मुली गेल्या कुणास ठाऊक, पण त्यांतल्या कुठलीलाही झोपेतून उठवून विचारलं असतं की बाईंनी पहिल्या दिवशी काय सांगितलं, तर उत्तर एकच आलं असतं: ओळ अर्धी टाकून उठायचं नाही. आडवा धागा धोट्याने या काठापासून त्या काठापर्यंत न्यायचा, फणीने नीट ठोकून बसवायचा, धोटा कडेला ठेवायचा आणि मग काय ते उठायचं. अर्ध्या ओळीत उठलेला हात परत आल्यावर बदललेला असतो. धाग्याचा ताण बदलतो, आणि ती जागा कापडात कायमची दिसत राहते.

हा नियम त्यांनी स्वतः कधी मोडला नाही. त्यांची थोरली बहीण त्यांच्याच घरी राहायची. तिला या नियमाचा इतका जाच झाला होता की आता तिने त्याचे विनोद करून ठेवले होते.

"माझे हे पहिल्यांदा आपल्या घरी आले ना," ताई कुणालाही सांगायची, "तेव्हा घरात ही एकटी. ते बिचारे अर्धा तास दारात उभे. का? तर हिची ओळ चालू."

"पाच मिनिटं उभे होते," बाई म्हणायच्या.

"आता ते नाहीत, म्हणून तुझं फावतंय."

निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर एका सकाळी बाईंना फोन आला. पलीकडे गुंता होती. हे तिचं खरं नाव नव्हे. शाळेत तिच्या हातात धागा दिला की पाच मिनिटांत त्याचं जे व्हायचं, त्यावरून मुलींनी ठेवलेलं. गुंता विणकर झाली नाही. ती जुन्या कापडांची अभ्यासक झाली, आणि आता शहरातल्या मोठ्या संग्रहालयाचा प्राचीन वस्तूंचा विभाग तिच्याकडे होता.

"बाई, तुम्ही बसलेल्या आहात ना?"

"ओळ चालू आहे गं."

"मग पुरी करा. मी थांबते."

ती खरंच थांबली. चार मिनिटांनी बाईंनी फोन परत कानाला लावला तेव्हा पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, धावत आल्यासारखा.

"बाई, आम्हाला एक माग मिळालाय. अख्खा. लाकूड, धागे, धोटा, सगळं. त्यावर कापड आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं. तुम्ही उद्या या. नाही, आजच या."

बाई त्याच दुपारी गेल्या.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला नवं दालन बांधून झालं होतं. भिंतींना अजून रंगाचा वास होता, फरशीवर पुठ्ठे अंथरलेले होते. मधोमध काचेची एक खोली होती आणि तिच्यात तो माग उभा होता. दोन जाड खांब, वर एक आडवं लाकूड, खाली एक, आणि मधे ताणलेले एकशे नव्वद उभे धागे. खालून वर विणत आणलेलं हातभर कापड. मागासमोर एक ठेंगणी बैठक. रंग विटले असले तरी कळत होते: निळा, मातकट, आणि मधूनच चढत जाणारी पायऱ्यांची तांबडी नक्षी.

बाईंनी चष्मा पुसला, परत लावला, आणि काचेला नाक टेकेपर्यंत वाकल्या. त्यांना जुनी वस्तू दिसतच नव्हती. त्यांना काम दिसत होतं. खालच्या लाकडावर डाव्या बाजूला एक जागा तुळतुळीत झालेली होती. तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं तळहात टेकला होता. डाव्या काठाशी धागे जास्त घट्ट ठोकलेले होते.

"ही डावीकडे झुकून बसते," बाई म्हणाल्या.

"बसायची," गुंता हसून म्हणाली.

"तेच ते. आणि हात सफाईचा आहे हो हिचा! ही पायरी बघ, कशी वळवली आहे. मी असते तर मीसुद्धा इथेच वळवली असती. हिच्या शेजारी बसून चार दिवस काम करायला मिळालं असतं ना, तर मी पगार सोडला असता."

"तुमची पेन्शन तशीच राहू द्या, पण शेजारी बसायचंच आहे तुम्हाला." गुंताचे डोळे चमकत होते. "याची नक्कल हवी आहे. अगदी अशीच, अशाच मागावर. सुतार माग करून देतोय. मुलं येतील, मूळ कापड लांबून बघतील आणि तुमचं हाताने चाचपून बघतील. दोन महिन्यांत दालन उघडायचंय."

नक्कल म्हणजे काय ते बाईंना सांगायला नको होतं. नक्कल करताना चुकासुद्धा उतरवायच्या असतात. एखादा धागा चुकून दोन उभ्या धाग्यांखालून गेला असेल, तर तो तसाच न्यायचा. सुधारलेली नक्कल ही नक्कल नव्हे. आणि चुकांवर तर बाईंचं फार प्रेम. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलं तरी त्या चुकीवरून मुलगी ओळखायच्या.

"आणि वर बघा," गुंता हळूच म्हणाली. "शेवटची ओळ."

बाईंनी वर पाहिलं. चारशे अकरा ओळी पूर्ण होत्या. चारशे बारावी डाव्या काठापासून निघाली होती आणि चौऱ्याण्णवाव्या धाग्यापाशी थांबली होती. धोटा तिथेच, धाग्यांमध्ये अडकलेला.

"उठली ही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा दुखावलेला होता. "अर्ध्यात उठली!"

"मला पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली. वाळूच्या वादळात अख्खी वस्ती गाडली गेली, बाई. या खोलीचं छत एका दमात खाली आलंय. भांडी फुटली, चूल दबली. पण खोलीत माणूस नाही. एक हाडसुद्धा नाही."

"मग गेली कुठे?"

"तेच तर कुणाला कळत नाही."

घरी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात तेवढंच होतं. इतका सरावलेला हात. अशी बाई ओळ मधेच टाकते, म्हणजे काहीतरी तसंच झालं असणार. काय झालं असेल?

सुतार चांगला होता. दालनाला लागूनच्या खोलीत आठ दिवसांत माग उभा राहिला. उंच छत, उत्तरेकडे मोठी खिडकी, भिंतीशी एक टेबल. बाईंनी पहिल्या शंभर ओळींचा तक्ता चौकटीच्या कागदावर स्वतः काढला: एक चौकट म्हणजे एक धागा. चुकांच्या जागी तांबड्या पेन्सिलीने ठिपके दिले. शंभर ओळींत दोनच ठिपके. पुढच्या ओळींचा तक्ता गुंता फोटोंवरून करून देणार होती.

रोज पंधरा-सोळा ओळी व्हायच्या. रखवालदार दहा वाजता चहा आणायचा आणि दारातच उभा राहून विचारायचा, "बाई, ओळ?" आत बोट वर झालं की तो कपावर बशी झाकून थांबायचा. तोही तिसऱ्या दिवसापर्यंत तयार झाला होता.

सदतिसाव्या ओळीत फोन वाजला. बाई उठल्या नाहीत, पण हात जरा दचकला. ओळ पुरी करून त्यांनी पाहिलं तर बावन्नाव्या जागी धागा दोनांखालून गेलेला. उसवायला म्हणून त्या वाकल्या, सहज तक्त्याकडे नजर गेली, आणि त्या हसल्या. सदतिसावी ओळ, बावन्नावी चौकट, तांबडा ठिपका. ही चूक उतरवायचीच होती. त्या साफ विसरल्या होत्या, आणि ती आपली आपण होऊन बसली.

अडुसष्टाव्या ओळीत रखवालदाराच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला. परत चूक. परत ठिपक्याच्याच जागी.

रात्री जेवताना त्यांनी ताईला सांगितलं.

"अगं, तक्ता तूच काढलास ना?" ताई म्हणाली. "मग तो डोक्यात बसलाय तुझ्या. यात नवल काय? मला शाळेतल्या कविता अजून येतात."

बाईंना हे पटलं. त्या आयुष्यभर चौकटींत मोजत आलेल्या. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण मनातून खिळा निघेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुंताला बोलावलं.

"पुढच्या ओळींचा तक्ता मला सुधारून दे. एकही चूक त्यात दाखवायची नाही. खरा तक्ता तुझ्या कपाटात कुलपात ठेव. मी मूळ कापडाकडेही बघणार नाही. दोनशे पन्नास ओळी झाल्या की ताडून बघू."

"परीक्षा घेताय, बाई?"

"माझीच घेतेय."

एकशे एक्केचाळिसाव्या ओळीत वाऱ्याने खिडकी आपटली. एकशे एकोणसाठाव्या ओळीत बाईंना शिंक आली. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या ओळीत काहीच झालं नाही. फक्त दारात ताटकळलेल्या ताईच्या यजमानांची आठवण झाली आणि बाई एकट्याच खुदकन हसल्या. हात चुकला. तिन्ही चुका त्यांनी मुद्दाम तशाच ठेवल्या.

दोनशे पन्नास ओळी झाल्या त्या संध्याकाळी गुंता भिंग आणि खरा तक्ता घेऊन आली. ती मोजत होती आणि बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आधी तिचे ओठ हलत होते, मग हलायचे थांबले.

"बाई, तिन्ही."

"काय तिन्ही?"

"तिन्ही त्याच ओळीत. त्याच धाग्यावर. आणि याशिवाय एकही नाही. तुमच्या कापडातही नाही, तिच्याही."

घाबरायला हवं होतं, हे बाईंना कळत होतं. पण त्यांना लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. छातीत धडधडत होतं, आणि ती धडधड जत्रेला निघाल्यासारखी होती. अडीच हजार वर्षांपलीकडून कुणीतरी त्यांच्या हाताशी हात लावून बसलं होतं.

"म्हणजे गुंता, त्या एकशे अठ्ठ्याण्णवाव्या ओळीत तीसुद्धा हसली असेल का गं?"

गुंताच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तीही हसली. दोघी मग बराच वेळ त्या खोलीत वेड्यासारख्या बोलत बसल्या. बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. दालन उघडू दे, मग बघू.

"आता मला खरा तक्ता दाखव," बाई शेवटी म्हणाल्या. "पुढे काय लिहिलंय ते बघू दे."

तक्त्यात पुढे ठिपके फार नव्हते. पण दोनशे साठ ते दोनशे सहासष्ट या सात ओळींशेजारी गुंताने एक रेघ ओढली होती. तिथे कापड बोटभर आत आलेलं होतं. दोन्ही काठ खेचलेले.

बाईंचं हसू ओसरलं. शाळेत असं कापड त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. घरी काही झालेलं असलं, की मुलीच्या हातचं कापड असं आत यायचं.

"इथे ती घाबरली आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोनशे एकोणसाठावी ओळ चालू असताना फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. बाईंनी धागा काठापर्यंत नेला, फणी मारली, धोटा ठेवला. मग फोन घेतला.

शेजारीण बोलत होती. ताई जिन्यावरून पडली होती. डावं मनगट मोडलं होतं.

बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा ताईचा हात प्लास्टरमध्ये जात होता. चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड शाबूत होतं.

"ओळ पुरी करून आलीस ना?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"अगं, गंमत केली. रडतेस काय? मी पडले, तू नाही."

पुढच्या सात ओळी बाईंनी अत्यंत जपून विणल्या. दर धाग्याला ताण सैल सोडला. तरी सातवी ओळ झाल्यावर पट्टी लावून पाहिली, तेव्हा कापड बोटभर आत आलं होतं.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात चारशे बारावी ओळ येऊन बसली. ताईचा हात मोडला, तरी आपण अर्ध्यात उठलो नाही. मग अशी कुठली गोष्ट आहे की जिच्यासाठी आपण उठू, धोटा धाग्यांत तसाच टाकून, परत न येण्यासाठी? त्या कितीही फिरवून विचार करत, तरी उत्तर एकाच माणसापाशी येऊन थांबायचं. घरात दुसरं होतंच कोण?

गुंताने सरळ सांगितलं, "बाई, चारशे अकरावर थांबा. मी म्हणते. अर्धी ओळ नाही तर नाही."

"मी विणायची थांबले म्हणून व्हायचं ते थांबेल का? किल्ल्या काय माझ्या विणण्यामुळे पडल्या?" बाई म्हणाल्या. "उलट, विणत राहिले तर कधी होणार तेवढं तरी कळेल. आणि खरं सांगू? मला त्या बाईला एकदा विचारायचंय, बये, का उठलीस? ते दुसऱ्या कशाने कळणार आहे?"

हे म्हणताना त्यांचे डोळे परत तसेच लकाकले. भीती होती, पण भीतीच्या खाली ती जत्रेची धडधड अजून चालू होती.

शेवटी उपाय ताईनेच काढला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तू माझ्यासाठी उठणार, असंच ना? मग मी तिथेच येऊन बसते, तुझ्या पाठीशी. डोळ्यांसमोर असल्यावर मला काय व्हायचंय? आणि तुझा हा प्रताप मलाही बघायचाय. इतकी वर्षं माझ्या नशिबी नुसती बंद दारं."

ठरलं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून सोमवार निवडला. रखवालदाराला फाटकावरून हलायचं नाही म्हणून सांगितलं. फोन बंद केले. घरातला गॅस, नळ, दिवे तपासले. ताईची खुर्ची बाईंच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवली. वर फोटो नाही, फळी नाही, डोक्यावर पडेल असं काही नाही. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ताई राणीसारखी बसली. तिच्याशेजारी स्टुलावर चहाचा कप.

"नाटकाला आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "पडदा कधी वर जायचा?"

"गप्प बस गं. मोजू दे."

साडेदहा वाजले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. बाईंनी धोटा हातात घेतला. हात कधी नव्हे इतके हलके झाले होते.

पहिला धागा. दुसरा. तीनांवरून, एकाखालून. निळा धागा सरकत निघाला.

चाळीस. पन्नास. मागे ताईने चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. बाईंना बरं वाटलं. ती आहे.

ऐंशी.

नव्वद. एक्क्याण्णव. खोलीत कसलाही आवाज नव्हता. फाटक बंद. फोन बंद.

त्र्याण्णव.

चौऱ्याण्णव.

बाईंच्या उजव्या काखेत हात आला.

आवाज नाही, स्पर्श म्हणावा तर स्पर्शही नाही. पण म्हाताऱ्या माणसाला उठवताना घरचं माणूस जसा काखेत हात घालतं, तसा आधार खालून वर आला. त्यांचे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. टाचा जमिनीला टेकल्या. ऊठ, असं कुणी म्हटलं नाही. सगळं अंगच ते म्हणत होतं. ऊठ. आत्ता. तिला घे आणि चल.

"ताई?" बाईंनी मागे न बघता विचारलं.

"आहे गं. विण तू."

ती आहे. ठीक आहे. बाईंना जिंकल्यासारखं झालं. हेच ते. इथेच ती फसली. त्यांनी दात आवळले, अंगाचा सगळा भार बैठकीवर सोडला, आणि छत्तीस वर्षांच्या सवयीने बोट पुढे सरकवलं.

पंच्याण्णव.

काखेतला हात सुटला. रागाने नाही. दमलेल्या माणसाने सोडून द्यावा तसा.

शहाण्णव. सत्त्याण्णव. धागा सरसर पुढे गेला, एकशे नव्वदपर्यंत, उजव्या काठापर्यंत. बाईंनी फणी मारली आणि धोटा कडेला ठेवला.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं!" बाई बसल्या जागी वळल्या आणि बहिणीकडे बघून मोठ्याने हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. "ताई, पुरी केली! तिची ओळ मी पुरी केली!"

"आणि मी जिवंत," ताई म्हणाली. "टाळ्या वाजवल्या असत्या, पण एकच हात आहे."

तेवढ्यात गुंता आत आली. ती दालनात काम करत होती. हातात छापून आलेला मोठा फलक, चेहरा नुसता फुललेला.

"बाई, संपलं? वा! मला माहीत होतं तुम्ही आज संपवणार. हे बघा, मुलांसाठीचा फलक आला. मुलांना समजेल का, तेवढं सांगा. मी वाचते."

"थांब, आधी ऐक तर खरं. चौऱ्याण्णवावर मला अगदी..."

पण गुंताला धीर नव्हता. तिने वाचायला सुरुवात केली.

"'वाळूचं वादळ आलं त्या दिवशी एक विणकर बाई या मागावर काम करत होती. तिने शेवटची ओळ या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण केली होती. छत कोसळलं तेव्हा ती मागासमोरच बसलेली होती. तिच्या मागे, भिंतीला टेकून, वयाने थोडी मोठी अशी दुसरी बाई होती. दोघीही जागच्या हलल्या नव्हत्या.'" तिने मान वर केली. "सोपं आहे ना?"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढायला त्या विसरल्या होत्या.

"गुंता, खोली रिकामी होती ना?"

"कुठली?"

"तिची. हाडसुद्धा नाही, म्हणालीस. ओळ अर्धी होती."

"बाई, ओळ अर्धी कशी असेल?" गुंता गोंधळून हसली. "पूर्णच आहे की. पहिल्या दिवशी तुम्ही काचेला नाक लावून म्हणालात, शाबास, ओळ पुरी करून गेली. आणि त्या दोघींमुळेच तर हे दालन झालं. हा बघा ना फोटो."

फलकाच्या खालच्या कोपऱ्यात फोटो होता. बाईंनी तो बघितला नाही. त्यांनी टेबलावरच्या तक्त्याकडे पाहिलं. चारशे बारावी ओळ, गुंताने फोटोंवरून उतरवलेली, डाव्या काठापासून उजव्यापर्यंत भरलेली होती. चौऱ्याण्णवाव्या चौकटीवर काहीही खूण नव्हती.

ती उठली होती म्हणून वाचली होती. कुणाच्या तरी हाकेला ती धावली नव्हती. तिला कुणीतरी काखेत हात घालून उठवलं होतं, आणि पाठीमागे जी बसली होती तिला घेऊन ती ओळ अर्धी टाकून बाहेर पडली होती. आज बाई उठल्या नाहीत, म्हणून तीही उठली नव्हती.

बाईंना उठायचं होतं. गुडघे हलेनात.

"अगं गुंता," मागून ताईचा कुरकुरीचा आवाज आला, "नवी इमारत म्हणवता, आणि हे छतातून पडतंय काय? चहा वाया गेला माझा."

बाईंनी वळून पाहिलं. ताईने कपबशी पुढे धरली होती. बशीत बारीक, कोरडी, फिकट पिवळी वाळू साचली होती, आणि अगदी आवाज न करता साचतच होती.